विषय, ठराव आणि हिशोब : वाशिम जिल्ह्यातील ग्रामसभांच्या अभ्यासाची प्रस्तावना

प्रतिनिधीच्या मध्यस्थीशिवाय, स्वतः सभेत बसून बोलण्याची आणि ठरवण्याची संधी संविधानाने मतदाराला ज्या संस्थेत दिली आहे, ती संस्था म्हणजे ग्रामसभा. पंचायतीच्या क्षेत्रातील गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत अशा सर्व व्यक्तींचा मिळून झालेला समूह, अशी तिची व्याख्या संविधानाच्या अनुच्छेद २४३ मध्ये आहे. ग्रामपंचायत ही सात ते सतरा निवडून आलेल्या सदस्यांची कार्यकारी संस्था आहे, तर ग्रामसभा म्हणजे त्या पंचायतीला जाब विचारण्याचा अधिकार असलेले सगळे गाव होय. नित्याच्या बोलण्यात हा फरक पुसला जातो. पंचायतीने काय केले आणि काय केले नाही एवढ्यावरच चर्चा थांबते, आणि गावाच्या स्वतःच्या अधिकाराचा विषय निघतच नाही. वाशिम जिल्ह्यातील ग्रामसभांमध्ये मांडले जाणारे प्रश्न, त्यांवर होणारे ठराव आणि त्या ठरावांचे पुढे होणारे भवितव्य हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. या विषयात प्रथमच प्रवेश करणाऱ्या वाचकाला त्याचा विस्तार, त्याचा इतिहास आणि त्याविषयीच्या प्रमुख विचारधारा यांची ओळख व्हावी, हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा या सहा तालुक्यांत मिळून ४९१ ग्रामपंचायती आहेत, आणि २०११ च्या जनगणनेतील ११,९७,१६० लोकसंख्येपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. जिल्ह्याचा बराच भाग जलविभाजकावर, म्हणजे पावसाचे पाणी दोन वेगळ्या खोऱ्यांत वाटणाऱ्या उंचवट्यावर वसलेला आहे; येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन पूर्णेला, आणि पर्यायाने तापीला मिळते, तर पूस, अडाण आणि अरुणावती यांचे पाणी पैनगंगेवाटे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. नद्या येथे जन्म घेतात आणि मोठ्या होतात त्या जिल्ह्याबाहेर, त्यामुळे पाऊस बरा झाला तरी पाणी थांबत नाही, खालच्या काळ्या कातळात ते फारसे मुरत नाही, आणि सोयाबीन, तूर, हरभरा व कपाशी ही पिके मुख्यतः कोरडवाहू शेतीवर घेतली जातात. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत वाशिम होता, आणि नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या कार्यक्रमात २०१८ मध्ये महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले त्यांतही तो आहे.

या परिस्थितीतूनच येथील ग्रामसभांचे विषय येतात. नळ योजना आणि हातपंप, सांडपाण्याची नाली, शेतात जाणारे पांदण रस्ते, ई-क्लास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी पडीक व चराईच्या जमिनीवरील अतिक्रमणे, स्मशानभूमीचा रस्ता, घरकुलाच्या यादीतील नावे, जिल्हा परिषद शाळेची गळकी खोली, वारंवार जळणारी डीपी, रोही आणि रानडुकरांनी केलेली पिकांची नासधूस, गावातील अवैध दारू असे हे विषय आहेत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असून जिल्ह्यात तांड्यांची संख्या मोठी आहे. मूळ गावापासून दूर वसलेल्या तांड्यापर्यंत रस्ता, वीज आणि पाणी पोहोचणे हा म्हणूनच येथे वेगळा आणि चिवट प्रश्न ठरतो. राज्यशास्त्राच्या मोठ्या ग्रंथांत अशा विषयांना किरकोळ मानण्याची प्रवृत्ती आढळते. ती चुकीची आहे, कारण सामान्य माणसाची राज्यसंस्थेशी रोजची गाठ याच विषयांत पडते, आणि आपण या राज्याचे नागरिक आहोत की केवळ लाभार्थी, याचा अनुभवही त्याला येथेच येतो.

ग्रामसभेची कार्यपद्धती दिसायला साधी आहे, पण तिचा प्रत्येक टप्पा अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा त्यासाठी रूढ झाल्या आहेत. नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. सभेची सूचना आगाऊ फलकावर लावून गावात दवंडी द्यावी लागते. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती ही गणपूर्ती मानली जाते, आणि ती न झाल्यास सभा तहकूब होते. मात्र पुन्हा भरणाऱ्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि मोजक्या लोकांत मोठे निर्णय उरकण्याची वाट नेमकी येथूनच निघते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा विषयपत्रिकेवरचा पहिला विषय असतो, आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय हा शेवटचा. चर्चेअंती झालेला निर्णय सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह ठराव म्हणून नोंदवला जातो. ही नोंद करणारा ग्रामसेवक, ज्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी असे करण्यात आले, तोंडी तक्रारीला शासकीय कागदाचे रूप देतो, आणि पंचायत समिती, तहसील किंवा जिल्हा परिषद यांच्याकडे पुढे जाते ते हेच रूप.

गावाच्या सामूहिक निर्णयप्रक्रियेचा इतिहास सांगताना एक अडचण येते, ती अशी की जुन्या नोंदी गावाविषयी आहेत, गावाने केलेल्या नाहीत. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी; तेथे मिळालेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट एका गावाच्या दानासंबंधीचा असून त्या गावाला दिलेल्या सवलतींची यादी त्यात प्राकृत भाषेत कोरलेली आहे. दान देणारा राजा आणि दान घेणारे ब्राह्मण यांचा उल्लेख त्यात आहे. ज्यांचे गाव दिले गेले त्यांचे म्हणणे मात्र नाही. पुढच्या शतकांत वऱ्हाडात देशमुख-देशपांडे आणि पाटील-पटवारी यांच्या हाती वसुली व व्यवस्था राहिली, बलुतेदारांनी गावाची कामे सांभाळली, गावकीने तंटे मिटवले, आणि तांड्यांमध्ये नायक व कारभारी यांची स्वतंत्र व्यवस्था चालत आली. या सर्व व्यवस्थांना आपापली शिस्त होती, परंतु त्यांच्या बैठकीत स्त्रियांना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना बरोबरीचे स्थान नव्हते, हे विसरून त्यांचा गौरव करता येत नाही.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. काही काळ वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता आणि १९०५ मध्ये त्याचा बहुतांश भाग अकोल्यात विलीन झाला. १८८२ च्या रिपन ठरावानंतर स्थानिक मंडळांची कल्पना पुढे आली, १९२० नंतर विविध प्रांतांत ग्रामपंचायतींचे कायदे झाले, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी १९४६ चा पंचायत कायदा आला. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत कायदा, जो आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जातो, येथेही लागू झाला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली होती. महाराष्ट्रात तिला स्वतःचा आकार देणाऱ्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे वाशिमलगतच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. त्यांच्या समितीच्या अहवालावर आधारित १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या, आणि खरे बळ जिल्हा पातळीवर एकवटले. या रचनेने ग्रामीण नेतृत्वाची एक मोठी पिढी घडवली, तरी तळाची ग्रामसभा दुबळीच राहिली. १९७० च्या बोंगिरवार समितीला आणि १९८४ च्या प्रा. पी. बी. पाटील समितीला म्हणूनच या व्यवस्थेचा पुन्हा विचार करावा लागला.

निर्णायक वळण आले ते ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने पंचायतींना घटनात्मक स्थान, नियमित निवडणुका, आरक्षण आणि अकराव्या अनुसूचीतील २९ विषय दिले. ग्रामसभेचे नाव संविधानात आले, परंतु तिचे अधिकार ठरवण्याचे काम अनुच्छेद २४३-क ने राज्य विधिमंडळांवर सोपवले, आणि पुढच्या काळातील बराचसा वाद या एका तरतुदीभोवती फिरत राहिला. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ मध्ये झालेल्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना भक्कम अधिकार दिले. वाशिम जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नसल्याने तो येथे लागू नाही, आणि त्यामुळे येथील ग्रामसभेला आपले वजन सर्वसाधारण कायद्यातूनच मिळवावे लागते.

ग्रामसभेकडे पाहण्याच्या विचारधारा ढोबळमानाने चार मानता येतात. पहिली धारा ग्रामस्वराज्याची. महात्मा गांधींनी स्वयंपूर्ण आणि स्वयंशासित गाव हा राष्ट्ररचनेचा पाया मानला, आणि विनोबांच्या ग्रामदान चळवळीने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याचा आग्रह धरला. वऱ्हाडात या धारेला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रामगीतेतून लोकभाषा दिली, आणि गाडगेबाबांनी हातातल्या खराट्याने तिला कृतीचे रूप दिले. शासनाने २०००-०१ मध्ये सुरू केलेले ग्रामस्वच्छता अभियान गाडगेबाबांच्याच नावाने राबवले गेले. गाव सुधारण्याची पहिली जबाबदारी गावाचीच आहे, ही या धारेची अमोल शिकवण होय. गावातल्या हितसंबंधांचा संघर्ष ती काहीसा कमी लेखते, ही तिची मर्यादा.

दुसरी धारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चिकित्सेची. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि संविधानाने व्यक्तीला घटक मानले, याचे समर्थन केले. त्याच महिन्यात के. संतानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींविषयीचे मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे आजचा अनुच्छेद ४०, संविधानात आले आणि बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली. त्यामुळे भारतीय पंचायत व्यवस्था एकाच वेळी दोन परंपरांची वारसदार ठरते, गावावर विश्वास ठेवणारी एक आणि गावातल्या दुर्बलाला गावापासूनही संरक्षण हवे असे सांगणारी दुसरी. आरक्षण, गुप्त मतदान, लेखी इतिवृत्त आणि अपिलाची सोय या गोष्टींना दुसऱ्या परंपरेच्या दृष्टीने मोठे मोल आहे.

तिसरी धारा प्रशासकीय व विकासवादी आहे. मेहता समितीपासून नाईक समितीपर्यंत आणि पुढे वित्त आयोगांपर्यंत तिने पंचायतीला योजना राबवणारी सर्वांत खालची यंत्रणा मानले, आणि ग्रामसभेचे काम लाभार्थी निवडणे व खर्चाला मंजुरी देणे एवढ्यापुरते पाहिले. चौथी धारा हक्कांची आणि लोकचळवळींची. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमती यांच्या बळावर ग्रामसभा उभी केली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरवण्याची रीत घालून दिली. या दोन्ही उदाहरणांकडे केवळ आदर्श गाव म्हणून पाहणे अपुरे आहे, कारण त्यांचे खरे यश ग्रामसभेला माहिती पुरवण्याच्या नियमित व्यवस्थेत आहे, आणि ती व्यवस्था कोणत्याही गावाला उभी करता येण्यासारखी आहे.

या विचारधारांचा कस प्रत्यक्ष प्रश्नावर लागतो, म्हणून दोन प्रश्न थोडे जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. पहिला पांदण रस्त्याचा. सोयाबीनची सोंगणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि परतीचा पाऊस त्याच सुमारास कोसळतो; काळ्या जमिनीतील पांदण अशा वेळी चिखलाने बंद होते, मळणीयंत्र शेतापर्यंत जात नाही, आणि ढीग शेतातच भिजतो. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, पण प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी वर्षानुवर्षे सरकत त्याची रुंदी गिळलेली असते. तहसीलदाराकडे दाद मागता येते, मोजणी मागवता येते, रोजगार हमीतून मातीकाम घेता येते. परंतु या साऱ्याची सुरुवात धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून अतिक्रमण मान्य करण्यापासून होते, आणि हे काम कोणताही अधिकारी बाहेरून करू शकत नाही. ग्रामसभेत सर्वांसमक्ष नाव घेऊन झालेला ठराव येथे जे साधतो, ते नोटिशीने साधत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २०१६ च्या टंचाईत मालेगाव तालुक्यातील एका गावात पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले गेल्यानंतर एका दलित मजुराने रोजची मजुरी सांभाळून एकट्याने विहीर खोदली आणि तिला पाणी लागले. या घटनेची देशभर दखल घेतली गेली ती त्याच्या जिद्दीसाठी, आणि ती योग्यच होती. तथापि ग्रामसभेच्या अभ्यासकाला तीत आणखी एक प्रश्न दिसला पाहिजे. पाणी नाकारले जाणे हा विषय गावाच्या विषयपत्रिकेवर आणता येईल आणि तेथे त्याला न्याय मिळेल, असा विश्वास त्या कुटुंबाला वाटावा अशी परिस्थिती होती काय, हा तो प्रश्न. ज्या गावात पीडित माणसाला सभेपेक्षा कुदळ अधिक भरवशाची वाटते, तेथे चार सभांच्या नोंदी पूर्ण असूनही स्वराज्य अपुरेच राहते.

या विषयाला आज विशेष महत्त्व येण्याची कारणे अनेक आहेत. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, ग्रामपंचायतींना थेट निधी मिळू लागला आणि त्यासाठी ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली गावाचा आराखडा करणे आवश्यक झाले. पंधराव्या आयोगाने २०२१ नंतरच्या निधीचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवला, त्यामुळे पैशांसोबत त्यावरील अटीही गावापर्यंत आल्या. जलयुक्त शिवार, जलजीवन मिशन आणि वाशिमसह १५ जिल्ह्यांत २०१८ पासून राबवलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प यांनी गावपातळीवरील समित्या आणि ग्रामसभेची मान्यता यांवर भर दिला. २०११ पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. थेट निवडून आलेला सरपंच सदस्यांपेक्षा बलवान होतो, आणि अशा सरपंचावर सर्वसाधारण काळात लक्ष ठेवू शकेल अशी गावातील संस्था ग्रामसभाच उरते. दुसरीकडे पावसाचे वेळापत्रक बिघडते आहे, तरुण कामासाठी पुणे-मुंबईकडे जात आहेत, आणि सभेच्या दिवशी गावात कोण असते व कोण नसते यावरच कित्येक ठरावांचे भवितव्य ठरते.

प्रस्तुत ग्रंथाने ग्रामसभेकडे पाहण्यासाठी तीन कसोट्या स्वीकारल्या आहेत. पहिली विषयाची : गावातील कोणाचा प्रश्न विषयपत्रिकेवर येतो आणि कोणाचा ऐनवेळच्या विषयांत ढकलला जातो. दुसरी ठरावाची : चर्चेतून निर्णय निघतो की निर्णय आधी होऊन चर्चा नंतर रचली जाते. तिसरी, आणि सर्वांत दुर्लक्षित, हिशोबाची : मागील ठरावाचे काय झाले हे पुढच्या सभेत विचारले जाते काय. बांधलेल्या नाल्या, बसवलेले दिवे आणि मिळालेली पारितोषिके यांच्या यादीवरून गावाची प्रगती मोजण्याची सवय शासनालाही आहे आणि समाजालाही. हा ग्रंथ ती यादी नाकारत नाही, पण ती अपुरी मानतो, कारण एखादा कर्तबगार सरपंच किंवा उत्साही अधिकारी पाच वर्षांत पुष्कळ कामे करून जाऊ शकतो, आणि त्याच्या जाण्याने गाव पुन्हा जिथल्या तिथे येऊ शकते. हिशोब मागण्याची सवय मात्र एकदा लागली, की ती व्यक्तीवर अवलंबून राहत नाही.

म्हणून येथे आदर्श गावांची स्तुतिचित्रे नाहीत आणि अपयशांची जंत्रीही नाही. ज्या सर्वसाधारण गावांत सभा कधी भरते, कधी तहकूब होते, कधी भांडणात संपते आणि कधी एखादा अडलेला रस्ता मोकळा करते, त्या गावांचे व्यवहार समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. कायद्यातील तरतुदी सोप्या भाषेत समजावणे, वाशिमच्या भूगोलातून उद्भवलेले प्रश्न त्यांच्या कारणांसह मांडणे, आणि गांधी-तुकडोजींचा गावावरचा विश्वास व आंबेडकरांची गावाविषयीची सावधगिरी यांपैकी एकाची निवड न करता दोहोंना एकाच सभेत स्थान देणे, अशी त्याची भूमिका आहे. अभ्यासकांइतकाच हा ग्रंथ पहिल्यांदा निवडून आलेल्या महिला सदस्यासाठी, तांड्यावरून पायी सभेला येणाऱ्या मतदारासाठी आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी आहे. मागील इतिवृत्त कायम करण्याचा पहिला विषय घाईने उरकला जात असताना कोणी मतदार उभा राहून त्यातील एकेका ठरावाची स्थिती विचारू लागला, तर त्याला उत्तर देणे सभेला भाग आहे. तो अधिकार आजही कायद्यात आहे, त्यासाठी नव्या योजनेची किंवा नव्या निधीची गरज नाही, आणि तो वापरणाऱ्या मतदारांची संख्या वाढावी हेच या लेखनाचे प्रयोजन आहे.